अंबुजाक्का, तुझी शोकसभा मी मोडली

अक्का, हे मी देवनागरीत लिहिते आहे. म्हणजे आज तू असतीस तरी यातलं एक अक्षर तुला वाचता आलं नसतं. घरात मराठी बोलायची, देवळात मराठी गायची आणि वहीत मात्र सगळं तमिळ अक्षरांत उतरवून ठेवायचं, ही आपल्या तंजावूरच्या मराठी घरांची रीत. मी पोटासाठी हिंदीच्या शिकवण्या धरल्या, म्हणून ही लिपी माझ्या हाताला लागली. मी काही लिहायला बसले की तू म्हणायचीस, "काय खरडतेस ते वाचून दाखव गे, सरू." आता वाचून दाखवणं संपलं. आता मी मनाला येईल ते लिहिणार.

तुझा जन्म कुठला, शिक्षण किती, मागे कोण कोण आहे, हे देवळाच्या सेक्रेटरींनी शोकसभेत वाचून दाखवलं, तेही अर्धं चुकीचं. मी त्यात पडत नाही. मी एवढंच सांगायला बसले आहे की मी सूड घेतला. रविवारी सकाळी दहा वाजता, आपल्या मारुतीच्या देवळाच्या हॉलमध्ये, तुझ्या हार घातलेल्या फोटोसमोर, सगळ्या गल्लीच्या साक्षीने. फार मजा आली. पुढचे तीन दिवस मला घास गिळवला नाही, तेही सांगणार आहे. पण त्या घटकेला जी मजा आली ती मी लपवणार नाही. आणि त्यातला थोडा सूड तुझ्यावरही होता, हेही आत्ताच सांगून ठेवते.

सुरुवात तुझ्या आवाजापासून करायला हवी, कारण सगळं त्यानेच केलं. देवाने तुला पाच फुटांच्या आत उरकलं आणि गळ्यात मात्र एक मोठं पितळी घंगाळ बसवलं. तू नुसतं "कोण आहे?" म्हटलंस तरी ते घुमायचं. तुला पाहायला कुंभकोणमची मंडळी आली होती, तेव्हाची गोष्ट तुझ्या सासूबाईंनीच मला हसत हसत सांगितली. तुला आतल्या खोलीतून गायला सांगितलं होतं. दोन ओळी ऐकून मुलाची आत्या कौतुकाने म्हणाली, "मुलीचे वडील सुरेख गातात. पुरे आता, मुलीला गाऊ द्या." तुझे वडील तिच्या समोरच बसले होते, तोंडात विडा धरून. सगळ्यांनी त्या विड्याकडे पाहिलं. भावोजी मात्र खाली मान घालून हसत होते, आणि घरी जाऊन त्यांनी सांगितलं म्हणे, लग्न केलं तर हिच्याशीच.

त्या बिचाऱ्यांचा आवाज बासरीसारखा. घरात फोन आला तेव्हा गंमत झाली. तू उचललास की समोरचा "सार, सार" करायचा, आणि भावोजींनी उचलला की विचारायचा, "अम्मा, सार आहेत का घरी?" भावोजी शांतपणे म्हणायचे, "आहेत. बोलावतो." आणि तुला हाक मारायचे. असा नवरा मिळायला पुण्य लागतं. मला मिळाला नाही, पण तो वेगळा लेख.

तिरुवैयारुच्या त्या पाट्टु टीचर, गाणं शिकवणाऱ्या, आठवतात? बाईने बाईच्या पट्टीतच गायलं पाहिजे म्हणून त्यांनी तुला दोन वर्षं वर ओढलं. तू चवड्यांवर उभी राहून फळीवरचा डबा काढावा तशी गायचीस. एक दिवस गळा असा सुजला की महिनाभर तू पाटीवर लिहून बोलत होतीस. मग एका सकाळी तू तुझ्या स्वतःच्या पट्टीत उतरलीस, पुरुष गातात त्या पट्टीत, आणि पुन्हा वर चढली नाहीस. टीचरांनी तुला काढून टाकलं. तू त्यांना दर नवरात्रात कुंकू द्यायला जात राहिलीस. मी माफ केलेलं नाही. मागच्या वर्षी त्या मला कुंभकोणमच्या बसमध्ये भेटल्या. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले आणि पापनाशमपर्यंत त्यांना उभं ठेवलं. तिथे दुसऱ्या कुणीतरी उठून जागा दिली, त्याचा मला रागच आला.

आणि काय गायलं नाहीस तू? डोहाळजेवणाची गाणी, लग्नात नवरा-नवरीच्या खेळाला म्हणतात तो नलंगु, कीर्तनातल्या साक्या आणि दिंड्या, छत्रीच्या दुकानाची जाहिरात, शाळेच्या नाटकातल्या राजाचं पद. राजा पुढे नुसते ओठ हलवत होता आणि पडद्यामागे तू, कडेवर मुलगी घेऊन. पापनाशमला नात्यातल्या लग्नाला निघालो तर वाटेत उतरून तू बांधावर जाऊन बसलीस. भाताची रोपं लावणाऱ्या बायका गात होत्या. त्यांचं गाणं पाठ करूनच उठलीस. लग्नघटिका चुकली, मुलाकडची मंडळी रुसून बसली. तू चिखलाच्या पायांनी मांडवात येऊन तेच गाणं म्हटलंस आणि रुसलेले सगळे उठून जेवायला बसले.

आता भागवतर. त्यांना साऱ्या गावात भागवतरच म्हणतात, तर इथेही तेच. हरिकथा तमिळमध्ये सांगायची आणि मधूनमधून मराठी अभंग गायचे, ही इकडची जुनी पद्धत. मराठी राजांबरोबर कीर्तन आलं आणि तमिळ भागवतरांनी ते आपलं करून टाकलं. हे भागवतर कथा उत्तम सांगायचे, मी नाही म्हणत नाही. हातात चिपळ्या घेऊन ते पुढे उभे राहायचे आणि तू न् मी मागे बसून त्यांच्या ओळीचा शेवट उचलायचो. साऱ्या जिल्ह्यात त्यांच्या पट्टीत मागून गाऊ शकणारी बाई तू एकटी. मी तुझ्या आडोशाने गायचे. मावसबहीण म्हणून मला घेतलं होतं, आवाज म्हणून नव्हे.

तीसेक वर्षांपूर्वी मद्रासहून एक रेकॉर्डिंगवाला मशीन घेऊन आला. राजवाड्याजवळच्या कल्याणमंडपात गाद्या लावून खोली बंद केली. अभंगांची कॅसेट काढायची होती. आणि नेमक्या त्या सकाळी भागवतरांचा गळा बसला. तोंड उघडलं की नुसती वाफ. रेकॉर्डिंगवाल्याला दुसऱ्या दिवशी मदुरैला जायचं होतं. तेव्हा भागवतरांनी कागदावर लिहिलं, "अंबुजा गाईल. मागाहून मी त्याच्यावर गातो." स्वतः चिपळ्या घेऊन बसले. तू पदर खोचलास, ताल धरलास आणि आठही अभंग गायलीस. सकाळपासून घड्याळ बघणारा तो मद्रासवाला शेवटी कानावरचं काढून ठेवून तुझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "अम्मा, तुमचं नाव काय?"

तू म्हणालीस, "मी भागवतरांच्या मागे गाते."

अक्का, तिथेच तुझं चुकलं. नाव विचारलं होतं, नाव सांगायचं.

मागाहून गायचं ते राहिलंच. तीन महिन्यांनी कॅसेट आली. वर भागवतरांचा फोटो, जरीचं उपरणं, चिपळ्या उंचावलेल्या. खाली बारीक अक्षरांत "सहगायन" आणि त्यापुढे नाव माझं. तुझं कुठेच नव्हतं. बरोबरच आहे. पुढेही तूच आणि मागेही तूच, असं कसं छापतील? तू कॅसेट उलटसुलट करून पाहिलीस आणि म्हणालीस, "फोटो चांगला आलाय. उपरण्याला इस्त्री केलेली दिसते." आणि चुलीकडे निघून गेलीस.

तेव्हापासून आपल्या मारुतीच्या देवळात रोज पहाटे साडेपाचला गुरुजी कर्ण्यावर सांगू लागले, "भागवतरांच्या दिव्य कंठातून," आणि मग तू. कॅसेट झिजली, सीडी आली, सीडी गेली, पेन ड्राइव्ह आला. कर्ण्यातून तू, आणि कर्ण्याखाली दारात सडा घालून रांगोळी काढणारीही तूच. लोक भागवतरांच्या पाया पडायचे तुझ्या आवाजासाठी. गळा सुटल्यावर ते पुन्हा कथा करू लागले, पण आवाज पहिल्यासारखा लागेना. लोक म्हणायचे, "कॅसेटमध्ये काय गायलेत." ते डोळे मिटून नमस्कार करायचे. ते मिटलेले डोळे मी तीस वर्षं लक्षात ठेवले.

तुझी माझी भांडणं आठवतात? पहिलं तर मला शब्दन्‌शब्द पाठ आहे. तू ओट्यावर शेवग्याच्या शेंगा मोडत होतीस.

"अक्का, ही चोरी झाली."

"कसली चोरी? मी दिलं, त्यांनी घेतलं."

"मागाहून गातो म्हणाले होते."

"गळा आला नाही त्यांचा. काय करतील?"

"मग नाव तरी तुझं घालायचं."

"सरू, भागवतरांचं म्हणून ते लावतात. माझं म्हणून कोण लावील? काल रुक्माबाई माझ्याकडून ताक घेऊन गेली. जिच्याकडून ताक आणलं तिचं गाणं पहाटे उठून कोण ऐकतं? दोन दिवस लावतील, तिसऱ्या दिवशी काढून ठेवतील. आवाज राहू दे गे. नावाला काय, ते रेशन कार्डावर आहे."

"मी सांगणार आहे सगळ्यांना."

तू शेंग खाली ठेवलीस. घंगाळ अगदी हळू वाजलं. "मी आहे तोवर नाही. मी गेल्यावर काय तो गोंधळ घाल."

तू हे थट्टेत म्हणाली होतीस, मला ठाऊक आहे. पण अट तू घातलीस आणि मुदतही तूच ठरवलीस. मी फक्त पाळली.

आता खरं सांगते, कारण तुला वाचता येणार नाही. मी गप्प राहिले ते नुसत्या तुझ्या शब्दाखातर नाही. त्या कॅसेटवर माझं नाव होतं. माझ्या काचेच्या कपाटात ती कॅसेट दर्शनी भागी उभी होती. पाहुणे आले की मी सहज तिच्यावरची धूळ पुसायचे. तू कितीदा आलीस, त्या कपाटासमोर बसून कॉफी प्यालीस, आणि एकदाही काही बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं. तुझ्यावर सूड घ्यायचा होता तो याचाच.

तर रविवारची सभा. सेक्रेटरी पहिले बोलले. त्यांनी तुझ्या रांगोळीची स्तुती केली. मग हनुमान जयंतीच्या तुझ्या वड्यांची. दहा मिनिटं वडे. गाण्याचा उल्लेख असा: "त्यांना गाण्याचीही आवड होती." मग भागवतर उठले. ऐंशीच्या पुढे गेलेत, पण ताठ आहेत, आणि देवळाच्या कमिटीचे मानाचे अध्यक्ष. म्हणाले, "अंबुजाबाई शिस्तीच्या होत्या. मागे बसणाऱ्याने मागेच बसावं, हे त्यांना उत्तम कळत होतं."

एवढं म्हणायला नको होतं त्यांनी. तोवर मी डळमळत होते. तुझ्या फोटोकडे बघत होते. ते वाक्य झालं आणि मी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

मला शेवटी दोन मिनिटं दिली. मी गोड आवाज काढला. म्हटलं, "मी काय बोलणार? अक्काला भागवतरांचा शेवटचा अभंग फार आवडायचा. तोच ऐकून तिला निरोप देऊ या. सगळ्यांनी ताल धरा, ताल धरलेला तिला आवडायचा." पिशवीतून भाच्याचा स्पीकर काढला. भागवतरांचा चेहरा खुलला. त्यांनी उपरणं सावरलं आणि मांडीवर ताल धरला. तंजावूरच्या माणसाला ताल धरायला दोनदा सांगावं लागत नाही. अख्खा हॉल टाळी आणि उलटा हात, टाळी आणि उलटा हात, असं करू लागला. पुरुष उजवीकडे, बायका डावीकडे.

तू गायला लागलीस. तिसऱ्या चरणाला लय वाढली. चिपळ्या टाळीवर वाजत होत्या. आणि मग टाळीवर नाही, हात उलटा होतो तिथे, किण् असं वाजलं. स्पीकरमध्ये. त्याच क्षणी, त्याच जागी, हॉलच्या डाव्या बाजूला चाळीसेक बायकांचे हात उलटे झाले आणि सगळ्यांच्या बांगड्या एकदम वाजल्या. पुढच्या आवर्तनात पुन्हा. स्पीकरमध्ये किण्, हॉलमध्ये किण्. तिसऱ्यांदा वाजलं तेव्हा उजवी बाजू थांबली होती. पुरुषांचे हात जिथल्या तिथे. बायका मात्र ताल धरून होत्या, थांबायला तयार नव्हत्या.

मी अभंग पूर्ण होऊ दिला. मग विचारलं, "भागवतर, मधे मधे काय वाजत होतं?"

"चिपळी," ते म्हणाले.

"चिपळी टाळीवर वाजते. उलट्या हाताला काय वाजतं?"

त्यांचा स्वतःचा हात मांडीवर उलटाच राहिला होता. मग मी सगळं सांगितलं. रेकॉर्डिंगवाल्याने बांगड्या काढायला सांगितल्या होत्या. तू सोन्याच्या काढल्यास, पण काचेच्या दोन दोन काढायला तयार झाली नाहीस, सवाष्णीने हात मोकळे ठेवून गायचं नाही म्हणालीस. मग मी तुझ्या मनगटांना ओला पंचा गुंडाळला. सात अभंग तो राहिला, आठव्याला सुटला, आणि मी तो पुन्हा आवळेपर्यंत तीनदा वाजलं. रेकॉर्डिंगवाल्याने हात वर केला, पुन्हा घेऊ म्हणाला. तेव्हा भागवतरांनी कागदावर दुसरी ओळ लिहिली, "राहू दे. चिपळी समजतील." आणि तीस वर्षं साऱ्या गावाने चिपळी समजून घेतली. मी माझी कॅसेटही पिशवीतून काढली आणि सांगितलं की हिच्यावर माझं नाव आहे, आणि मी त्या खोलीत होते, आणि मीही गप्प बसले.

भागवतर उठले. कुणी हात द्यायला गेलं, तो त्यांनी झटकला. चपला घालताना त्यांना उजवी डावी कळेना. मी ते सगळं बघितलं, अक्का, मान न वळवता. तू असतीस तर धावत जाऊन चपला सरळ केल्या असत्यास, म्हणून मी तुझ्या वाटचंही बसून राहिले.

बाहेर रुक्माबाई भेटल्या. मी फुशारकीत म्हटलं, "कसं काय वाटलं?"

"आम्हाला ठाऊक होतं की," त्या म्हणाल्या.

"काय ठाऊक होतं?"

"अंबुजा गाते ते. बांगडी काय आम्ही कधी ऐकली नाही? बांगडी वाजली की मी दूध उतरवते."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

रुक्माबाईंनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "तू बोललीस?"

सोमवारी पहाटे साडेपाचला मी दारात उभी होते, गुरुजी आता काय सांगतात ते ऐकायला. गुरुजींनी काहीच सांगितलं नाही. कर्ण्यातून मद्रासच्या कुणा प्रसिद्ध बाईंचं स्तोत्र लागलं, पातळ, उंच आवाजातलं. मी देवळात गेले. गुरुजी समई पुसत होते. "सेक्रेटरींनी सांगितलंय," ते म्हणाले, "आता वाद आहे. कमिटी ठरवीपर्यंत लावायचं नाही."

"कमिटी कधी बसणार?"

"अध्यक्ष बोलावतील तेव्हा."

अध्यक्ष म्हणजे भागवतर.

मंगळवारीही तसंच. बुधवारीही. तू तीस वर्षांपूर्वी शेंगा मोडता मोडता सांगितलं होतंस, तिसऱ्या दिवशी काढून ठेवतील. तुझा हिशोब चुकलाच. त्यांनी तुला तुझ्या नावाने एक दिवसही लावलं नाही. आवाज होता तो मी बंद पाडला आणि नाव काही मिळवून दिलं नाही. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी लांबलचक भांडले. कुणी हात जोडलेले पाठवले, कुणी फुलं.

बुधवारी दुपारी रुक्माबाई ताक मागायला आल्या. आता माझ्याकडे येतात. भांडं हातात घेऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुला एक ठाऊक नसेल. तू पलीकडच्या टोकाला राहतेस. तुझे भावोजी गेले आणि अंबुजाचे हात मोकळे झाले, तेव्हापासून आठवा अभंग लागला की ती रांगोळी काढायची थांबायची. ते तीन किण् होईपर्यंत. पिठाची चिमूट तशीच हातात धरून. मग पुढची रेघ ओढायची. आम्ही सगळ्याजणी आपापल्या दारातून बघत असू. कोण बोलणार?"

भांडं भरून दिलं आणि मी आत जाऊन बसले. अक्का, तू मला हे का सांगितलं नाहीस? आवाज राहू दे म्हणत होतीस, ते कशासाठी म्हणत होतीस, एकदा तरी सांगायचंस. मी तीस वर्षं तुझ्याशी नावावरून भांडत होते आणि तू रोज पहाटे उंबऱ्याबाहेर बसून भावोजींच्या वेळच्या बांगड्या ऐकत होतीस. त्या दिवशी मी तुझ्यावर जितकी रागावले तितकी भागवतरांवरही कधी रागावले नाही. रडलेही, पण ते तुला सांगायचं नाही.

गुरुवारी सकाळी दार वाजलं. भागवतर उभे होते. ते हल्ली मुलाकडे राहतात, पलीकडच्याच गल्लीत, म्हणजे कर्णा त्यांच्याही खिडकीत. मी आत या म्हटलं नाही. तेच आले आणि खुर्चीच्या कडेवर बसले.

"सरसा," ते माझं पूर्ण नाव घेऊन तमिळमध्ये म्हणाले, "तीन दिवस मी उठलोच नाही. म्हणजे जाग येते, पण उठावंसं वाटत नाही."

"मग?"

"माझा गळा दोन महिन्यांत सुटला होता. मद्रासला जाऊन गायचं ठरलंही होतं. मग त्यांनी टेप पाठवली. ती ऐकली. ऐकल्यावर वरून गायचं धाडस झालं नाही."

"आणि नाव सांगायचं?"

"ते त्याहून झालं नाही."

ते एवढं सरळ बोलतील असं मला वाटलं नव्हतं. मी तयार करून ठेवलेली तीन वाक्यं फुकट गेली. चांगली वाक्यं होती. तरीही मी विरघळले नाही, अक्का. तू विरघळली असतीस, कॉफी केली असतीस, साखर बेताची घालून. मी म्हटलं, "कमिटीने सोमवारपासून लावायला हवं. आणि आधी नाव सांगायला हवं. गुरुजींनी नाही. तुम्ही."

"मी पहाटे देवळात कसा येऊ? पायऱ्या चढवत नाहीत."

"चढू नका. इथेच बोला." मी फोन त्यांच्या पुढे धरला.

ते घसा खाकरून म्हणाले, "माझ्या शिष्या अंबुजाबाई..."

"शिष्या नव्हे."

"माझ्या मागे गाणाऱ्या..."

"तेही नको."

"मग काय राहिलं?"

"गायन, अंबुजाबाई. बस."

ते बोलले. आवाज मधेच चिरला. मी म्हटलं, "भागवतर, आणखी एकदा. आवाज लागला नाही." दुसऱ्यांदा खोकला आला. तिसऱ्यांदा माझ्या कुकरची शिट्टी झाली, तो मी मुद्दाम बंद केला नव्हता. पाचव्यांदा चांगलं आलं होतं, तरी मी पुन्हा घ्यायला लावलं. त्या पाट्टु टीचर तुला जशा तोच तोच स्वर घ्यायला लावायच्या, तसं. ते एकदाही रागावले नाहीत. सात वेळा झाल्यावर मी फोन खाली ठेवला आणि म्हटलं, "चालेल."

ते उठले नाहीत. मांडीवरच्या हाताकडे बघत म्हणाले, "आणखी एकदा घेऊ या का? नावाला वजन आलं नाही."

आठवं तेवढं मी ठेवलं.

कमिटी शनिवारी बसली, वड्यांसकट. सोमवारी, म्हणजे आज, पहाटे साडेपाचला कर्णा खरखरला. "गायन, अंबुजाबाई," असा एक चिरका, थकलेला, म्हातारा आवाज आला आणि त्यामागून तू. सगळ्याजणी दारात आल्या होत्या. आठव्या अभंगाला कुणाची रेघ पुढे सरकली नाही.

समोरच्या घरात नवीन भाडेकरू आलेत, त्रिचीचे. त्यातली सून रांगोळीचा डबा घेऊन माझ्याकडे आली. "मामी, अंबुजाबाई कोण ते मला रुक्माबाईंनी सांगितलं," ती म्हणाली. "पण ते सुरुवातीला बोलतात ते आजोबा कोण? त्यांचं नाव नाही सांगत ते?"

"मला ठाऊक नाही गे," मी म्हटलं.